थेट शेतकऱ्याकडून भाजी आणायची म्हणतोय, पण जमतं का खरंच?

वरणभात
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज प्रश्न घेऊन आलेय. आम्ही पुण्यात वारज्याला राहतो, सोसायटीत साठेक घरं आहेत. परवाच्या मिटिंगला पार्किंगची नेहमीची भांडणं आटोपल्यावर एकीने विषय काढला की आपण सगळे मिळून आठवड्याची भाजी थेट शेतकऱ्याकडून का नाही घेत, आणि आश्चर्य म्हणजे चक्क पंचवीस-तीस घरांनी हात वर केले. आता हात वर केले म्हणजे दर शनिवारी खाली उतरून पिशवी नेतील असं नाही हे मलाही कळतं, पण सध्या उत्साह आहे आणि यादी करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

तर विचारायचं असं की शेतकरी शोधायचा कुठून? हायवेला 'शेतकरी ते थेट ग्राहक' असा बोर्ड लावून टेम्पो उभे असतात ते खरंच शेतकरी असतात का व्यापारीच? भाव कसा ठरवतात, मार्केटयार्डचा धरायचा का ॲपवरचा का मधला कुठला तरी? आणि मुख्य म्हणजे यातून शेतकऱ्याला दोन पैसे जास्त सुटतात का आपलं नुसतं मनाचं समाधान? आमच्याकडचे एक काका मिटिंगमधेच म्हणाले, "तुम्हाला शेतकऱ्याचं काही पडलेलं नाही, तुम्हाला स्वस्त पाहिजे." सगळे हसले पण मला ते जरा लागलं, कारण अगदीच खोटं नाहीये ते.

अजून एक. आमच्या गेटवर संध्याकाळी एक भाजीवाले दादा हातगाडी लावतात, मी लग्न होऊन इथे आले तेव्हापासून तेच आहेत. आम्ही सगळ्यांनी शनिवारी भाजी भरून ठेवली तर त्यांचं काय? ते पण काही अंबानी नाहीत.

पावशेर
हायवेच्या टेम्पोची टेस्ट सोपी आहे. टेम्पोत एक किंवा दोनच माल असतील, जरा मातीबिती लागलेली असेल, तर शेतकरी असू शकतो. कांद्याच्या शेजारी लसूण, त्याच्या शेजारी सफरचंद आणि वर किवी असेल तर तो व्यापारीच, आता तोही पोटासाठीच करतोय म्हणा, पण मग बोर्ड कशाला खोटा.

शोधायला सुरुवात राज्याच्या पणन (शेतमाल विक्री) मंडळाच्या शेतकरी आठवडे बाजारापासून करा. पुण्यात बऱ्याच भागात ठरलेल्या वारी भरतात, शेतकरी गट तिथं स्वतः माल घेऊन येतात. दोन-तीन वेळा नुसती भाजी घ्या, गप्पा मारा, गाव कुठलं, शेतात सध्या काय आहे, पुढच्या महिन्यात काय निघणार. ज्याला शेत आहे तो हे न थांबता सांगतो, इतकं सांगतो की तुम्हालाच निघावं लागतं. आणि काळजी नको, हे सगळं कायदेशीर आहे, २०१६ मधे फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढलाय त्यामुळे शेतकऱ्याने समितीच्या आवाराबाहेर कुठेही विकलं तरी चालतं.

शिवारातून
जुन्नर तालुका. टोमॅटो, कांदा, थोडी मेथी-कोथिंबीर. ताई, काकांना म्हणू द्या काय म्हणायचं ते, स्वस्त पाहिजे यात काय पाप नाय, मीपण बियाणं घेताना दोन दुकानं फिरतोच.

आधी पट्टी कशी असते ते सांगतो म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. पट्टी म्हणजे माल विकल्यावर आडत्या, म्हणजे यार्डात कमिशनवर आमचा माल विकून देणारा, जो हिशोबाचा कागद देतो तो. मागच्या सीझनची एक आत्ता समोर आहे. ३० क्रेट टोमॅटो, क्रेटमधे २० किलो, भाव लागला क्रेटला १८०, म्हणजे किलोला ९ रुपये. झाले ५४००. त्यातनं टेम्पोभाडं क्रेटमागं ३० प्रमाणे ९०० गेले. हमाली, तोलाई असं किरकोळ २०० गेलं. हातात आले ४३००. तोडायला चार बाया होत्या, साडेतीनशे रोज, १४०० गेले. राहिले २९००, ६०० किलो मालाचे. म्हणजे किलोला पाच रुपये पण नाय, आणि यातनं अजून रोपं, मल्चिंग, तार-बांबू, सुतळी, खतं, औषधं काढायचीत. पुतण्या हडपसरला असतो, त्याच दिवशी त्याला फोन केला तर त्यानं कोपऱ्यावरनं ३० रुपयांनी घेतलेला. रिझर्व्ह बँकेचा २०२४ चा पेपर आहे, त्यात ग्राहकाच्या रुपयातले टोमॅटोला ३३ पैसे शेतकऱ्याकडं जातात असं दिलंय, कांद्याला ३६, बटाट्याला ३७. माझ्या पट्टीत ३० निघाले, म्हणजे बँकवाले फार लांब नाहीत.

आता मधले २१ रुपये कोणी खाल्ले असं विचारलं की लोक लगेच दलाल म्हणून मोकळे होतात. तसं सरळ नाय ते. कायद्यानं २०१६ पासून भाजीपाल्याची आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, आमच्याकडनं कापायची नाय, खरेदीदाराकडनं घ्यायची. चांगलंय, पण खरेदीदार येडा आहे का, तो बोली लावतानाच तेवढी कमी लावतो. मग त्याचं गाडीभाडं, गाळा, किरकोळवाल्याचं गाडीभाडं, क्रेटच्या तळाला दबलेला माल, संध्याकाळी उरलेला माल, सगळं त्या २१ मधे येतं. पहिल्या पावसात तर क्रेटमागं दोन-तीन किलो असंच जातं.

आणि एक गोष्ट आडत्याच्या बाजूनं बोलतो, आमच्यातले काही शिव्या घालतील. यार्डात ३० क्रेट नेले तर ३०ही विकले जातात. भाव पडेल, पण माल परत आणावा लागत नाय. लग्नाला, हॉस्पिटलला उचल पण तोच देतो. तुम्ही साठ घरं मिळून आठवड्याला टोमॅटो किती घेणार, ४० किलो? दोन क्रेट. ते पण निवडून, एकसारखे, लालभडक. मग उरलेले २८ क्रेट मी यार्डातच नेणार ना, आणि ते दोन द्यायला वारज्याला वेगळी गाडी. डिझेल पण निघत नाय. म्हणून एकट्या शेतकऱ्याशी बांधू नका, आठ-दहा जणांचा गट बघा, एकाची वांगी, एकाचा फ्लॉवर, एकाची पालेभाजी, एकाच टेम्पोत भरून येईल आणि भाडं वाटलं जाईल.

दुसरं म्हणजे मंदीत घ्या. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभराच्या वर गेलेला तेव्हा पुण्यातनं ओळखीपाळखीचे फोन, "दादा थेट द्या ना आम्हाला". सप्टेंबरात भाव असा पडला की लोकांनी माल रस्त्यावर ओतला, तोडायची मजुरी सुटत नव्हती. तेव्हा एकाचा फोन नाय आला. तुम्ही वर्षभर एक भाव धरलात, समजा टोमॅटोला १८ किंवा २०, तर शंभर झाल्यावर मी तुम्हाला २० नंच देईन आणि चार रुपये झाल्यावर तुम्ही मला २० नंच द्यायचा. हे ज्यांना जमतं त्यांच्यासाठी मी पहाटे उठून क्रेट भरीन. नाहीतर यार्ड बरा.

घाटावरची
शिवारातून दादांना अनुमोदन. मी चिंचवडला गेली काही वर्षं आमच्या दोन सोसायट्यांचं हेच काम बघतेय, सुरुवात लॉकडाऊनमधे २०२० ला झाली, तेव्हा सगळ्यांनीच केली होती म्हणा. आमच्या आजूबाजूचे बहुतेक ग्रुप वर्षभरात बंद पडले, आमचा रडतखडत का होईना चालू आहे, तर कसं चालतं ते लिहिते.

गुरुवारी सकाळी गटाकडून यादी येते, या आठवड्यात काय आहे आणि साधारण किती. ऑर्डर गुरुवारी रात्री नऊला बंद म्हणजे बंद, नऊ वाजून पाच मिनिटांनी "अगं माझं राहिलं, दोन मेथी टाक ना" आलं तरी मी उत्तर देत नाही, यावरून आमच्या बिल्डिंगमधल्या एक काकू माझ्याशी बोलत नाहीत. शुक्रवारी दुपारनंतर तोडणी, पालेभाजी अगदी शेवटी, जुड्या ओल्या गोणपाटात उभ्या भरून आणतात, आडव्या घातल्या की आतून तापून पिवळ्या पडतात. शनिवारी सात वाजता टेम्पो.

भावाचं आम्ही असं केलंय की कांदा, बटाटा, टोमॅटो, फ्लॉवर, कोबी, वांगी यांना तीन महिन्यांचा एकच भाव. ठरवताना पणन मंडळाच्या साइटवर पुण्याचे रोजचे भाव येतात ना, किमान, कमाल आणि सर्वसाधारण, क्विंटलमधे असतात, त्यातला सर्वसाधारण घेऊन गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांचा अंदाज बघतो आणि गटाशी बसून बोलतो. बाकी भाज्या त्या आठवड्याच्या भावाने. पालेभाजीला फिक्स भाव करू नका, मेथी पाऊस लागला की एका रात्रीत दुप्पट होते, घाऊक बाजारात ती किलोवर नाही, शेकड्यावर जाते हे पण मला या भानगडीतच कळलं.

पैसे थेट गटाच्या खात्यावर, त्याच दिवशी. माझ्या हातात एक रुपया येत नाही. हे पहिल्या दिवसापासून करा, नाहीतर सहा महिन्यांनी कुणीतरी विचारतंच की तुला यात काय सुटतं.

आता खरं दुखणं सांगते, भाव नाही आणि गाडी पण नाही, माणसं. मे महिन्यात आणि दिवाळीत निम्मी घरं गावाला. शेतकऱ्याने तर आपल्या भरवशावर तीन महिने आधी लावून ठेवलेलं असतं. आम्ही शेवटी नियम केला की सीझनचे थोडे पैसे आधी भरायचे आणि गावाला जाणार असाल तर तुमची पिशवी कुणाला द्यायची ते तुम्ही सांगायचं, न सांगितल्यास वॉचमनकाकांना जाते. त्यांच्या घरी सध्या उत्तम भाजी असते. काही जण सोडून गेले या नियमावर, जाऊ दे. आणि फ्लॉवरमधे अळी निघाली की ग्रुपवर फोटो येतो, लाल गोल काढून. एकदा एकांनी वांगी परत पाठवली, कारण काय तर यादीत टाकलेल्या फोटोतली वांगी जास्त चकचकीत होती.

हो आणि कुणी म्हणालं की सोबत पापड-लोणची पण ठेवूया बचत गटाची, तर जरूर ठेवा पण त्या ताईंचं फूड रजिस्ट्रेशन आहे का बघा. शेतकऱ्याला स्वतःच्या शेतमालाला ते लागत नाही, तयार पदार्थाला लागतं.

कडुलिंब
सगळं ठीक आहे पण माल सेंद्रिय आहे का हा प्रश्न कुणीच विचारला नाही अजून. मी तरी थेट शेतकऱ्याकडून घेणार तर विषमुक्तच घेईन, नाहीतर फरक काय.

शिवारातून
@कडुलिंब, माझा नाय सेंद्रिय. टोमॅटोवर फवारतो, करपा आला की फवारल्याशिवाय इलाज नाय, विचाराल तर कधी काय फवारलं ते वहीत लिहिलेलं दाखवीन. प्रत्येक औषधाच्या लेबलवर फवारणीनंतर किती दिवस तोडायचं नाय ते दिलेलं असतं, ते पाळलं की नाय हे विचारा, तो प्रश्न जास्त कामाचा आहे. सेंद्रियचं सर्टिफिकेट पाहिजे तर केंद्राच्या सेंद्रिय शेतीच्या एनपीओपी नियमात हंगामी पिकाला आधी दोन वर्षं रासायनिक बंद ठेवावं लागतं, फळबागेला तीन, आणि त्या काळात उत्पन्न घटतं पण भाव साधाच मिळतो. दुसरी पद्धत पीजीएस, त्यात गटातले शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतात, खर्च कमी येतो. आमच्याकडं दोघं जण करतात, चांगली करतात. पण गाडीवर 'नैसर्गिक, विषमुक्त' लिहिलेलं असलं तर त्यामागं कागद आहे का विचारा. कागद नाय म्हणजे खोटाच असं नाय, पण मग शेतावर जाऊन बघून या.

जुनाजाणता
मी त्या काकांच्या पार्टीतला समजा.

थेट शेतकरी, थेट शेतकरी म्हणत मधल्या माणसाला काढायची आपल्याला भारी हौस. वरणभात ताईंच्या गेटवरचा तो भाजीवाला रात्री अडीच-तीनला उठून मार्केटयार्डला जातो, सात-आठ तऱ्हेचा माल उचलतो, टेम्पोत इतरांबरोबर भाड्याचा वाटा देतो, उन्हात पालेभाजीवर पाणी मारत उभा राहतो. पावशेर गवार पण देतो, वर कढीपत्ता फुकट, महिनाअखेरीला वहीत लिहून ठेवतो. पाऊस आला, गिऱ्हाईक नाही, की त्या दिवसाचा माल त्याच्या अंगावर. तुमचं ॲप यातलं काय करतं? माझ्या मते लोकल खरेदीत पहिला नंबर त्याचा, दुसरा पिठाच्या चक्कीवाल्याचा आणि तिसरा त्या वाण्याचा ज्याच्याकडे आपण आता फक्त दूध संपल्यावर जातो.

थेट घेऊ नका असं म्हणत नाही. पण पंचवीस घरांनी शनिवारी आठवड्याची भाजी भरली की गुरुवारपर्यंत त्याच्याकडे फक्त लिंबू-मिरची जाणार, आणि हे गट दोन वर्षांनी बंद पडले (घाटावरची ताईंसारखे अपवाद सोडून) की तोपर्यंत त्याने गाडी विकलेली असणार. तर सरळ त्यालाच यात घ्या ना. गटाचा टेम्पो शनिवारी त्याच्या गाडीपाशी येऊ दे, वजन करणं, पिशव्या भरणं, उरलेलं विकणं हे त्याचं काम, किलोमागे दोन-तीन रुपये त्याचे. वजनकाटा त्याच्याकडे आहे, कुठल्या घरात काय खपतं हे त्याला तोंडपाठ आहे, आणि उरलेला माल संपवायची कला त्याच्याएवढी तुमच्या कमिटीतल्या एकालाही नाही. तुमची सोसायटी म्हणजे दहा लोक काटा लावायला आणि फोटो काढायला पुढे, पिशव्या उचलायला वॉचमन.

घाटावरची
@जुनाजाणता, शेवटचं वाक्य वाचून मला राग आला आणि मग हसू आलं कारण आमच्याकडे तसंच होतं.

पण आयडिया खरंच चांगली आहे. उरलेल्या मालाचं आमचं नेहमी अडतं. गट थोडं जास्तच आणतो, तुटीला, आणि मग अकरा वाजता चार किलो दुधी भोपळा कुणाच्या गळ्यात घालायचा यावर चर्चा. हातगाडीवाले दादा असतील तर तासाभरात उडेल तो. फक्त त्यांचे दोन-तीन रुपये शेतकऱ्याच्या भावातून कापू नका, ग्राहकाच्या भावात घाला आणि यादीत वेगळे दाखवा. लपवलेलं कळलं की लोक बिथरतात, समोर लिहिलेलं देतात.

आजरेकर
भाजीवरून सगळे भांडताय पण माझं ऐका, सुरुवात भाजीने करूच नका. भाजी हा सगळ्यात अवघड माल, दोन दिवसांत नासतो. सुरुवात धान्याने करा.

आमच्या आईच्या वेळी मार्च-एप्रिलमधे वर्षाचं धान्य भरायची पद्धत होती, आठवतंय का कुणाला? गच्चीवर चटया घालून गहू वाळवायचा, मग एरंडेल चोळून पत्र्याच्या कोठीत, तांदळात बोरिक पावडर, ज्वारीत कडुनिंबाचा पाला. उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे आमचे हात एरंडेलाने बुळबुळीत. आता आपण पाच पाच किलोच्या चकचकीत पिशव्या आणतो आणि एकाच वेळी सगळा पैसा काढायचा जिवावर येतं. पण शेतकऱ्याच्या बाजूने बघा, सुगीला सगळ्यांचाच माल एकदम बाजारात येतो म्हणून तेव्हा भाव सगळ्यात पडलेला, आणि त्याला तर पैसे तेव्हाच पाहिजेत, सोसायटीचं कर्ज फेडायचं (तुमची नव्हे, गावची विकास सोसायटी 😄). थांबायची ऐपत असलेला व्यापारी तोच माल ठेवून पावसाळ्यात विकतो. साठ घरांनी सुगीला रोखीने प्रत्येकी पन्नास किलो ज्वारी घेतली तर तीन टन होते. तीन टन म्हणजे पाच-सहा एकर कोरडवाहू ज्वारी बघताबघता गेली. भाजीत हा आकडा गाठायला तुम्हाला वर्ष लागेल.

काय घ्यायचं तर रब्बीची मालदांडी ज्वारी, मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मधे जीआय (त्या भागाचाच खास माल अशी सरकारी नोंद) मिळालंय, काळ्या मातीत नुसत्या ओलीवर येते, भाकरी दुसऱ्या दिवशी पण मऊ. तांदूळ आमचा आजरा घनसाळ, तो पण जीआयवाला, वास असा की शेजारच्यांना कळतं आज काय शिजतंय, पण एकरी उतारा कमी येतो त्यामुळे स्वस्त मिळाला तर संशय घ्या. मावळचा इंद्रायणी तांदूळ तर तुमच्या वारज्याला हाकेच्या अंतरावर. कोल्हापुरी गूळ घ्या हंगामात, आणि पिवळाधमक मागू नका, तो रंग आणायला पावडरी घालतात, चांगला गूळ तांबूस-चॉकलेटी असतो. गुऱ्हाळवाल्याला विचारा, तो सांगतो की "साहेब, गिऱ्हाईकाला पिवळाच पाहिजे म्हणून करतो".

पावशेर
आजरेकर, वन बीएचकेमधे पन्नास किलो ज्वारी कुठे ठेवायची, बेडवर?

आजरेकर
बेडच्या खाली. सगळ्यांच्या बॉक्स-बेडमधे वीस वर्षं न घातलेले स्वेटर असतात, ते काढा. किंवा दोन घरांत मिळून पोतं घ्या.

समुद्रपार
मी न्यू जर्सीत असते, इथे सीएसए (कम्युनिटी सपोर्टेड ॲग्रिकल्चर) म्हणून प्रकार आहे, अमेरिकेत १९८६ पासून चालू. फेब्रुवारी-मार्चमधेच अख्ख्या सीझनचे पैसे भरायचे, शेतात बर्फ असतो तेव्हा. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत आठवड्याला एक पेटी, आत काय असेल ते शेत ठरवतं, आपण नाही. पीक चांगलं आलं तर पेटी ओसंडते, गारपीट झाली तर तुमची पण पेटी अर्धी, पैसे परत नाहीत. घाटावरची ताईंचा 'सीझनचे थोडे पैसे आधी' हा नियम त्याच वाटेवरचा आहे. आम्ही चार मराठी घरं मिळून दोन हिस्से घेतो. नवलकोल इतके येतात की कोशिंबीर, भाजी, पराठे, सांबार सगळं करून झालं, नवरा आता पेटी उघडायच्या आधीच बाहेर जेवायला जाऊया म्हणतो. पण शेतकऱ्याला बियाणं घ्यायला कर्ज काढावं लागत नाही हे खरं. आपल्याकडे पूर्ण रक्कम आधी भरायला लोक तयार होतील का माहीत नाही, निदान दहा घरं तरी मिळाली तर करून बघा.

वरणभात
बापरे, इतकी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. सगळं वाचलं, नवऱ्याला पण वाचून दाखवलं.

भाजीवाल्या दादांशी काल बोलले. त्यांना आधी वाटलं मी गाडी हटवायला सांगायला आलेय. समजावून सांगितल्यावर म्हणाले, "ताई, शनिवारी मी तसाही यार्डात कमी माल उचलतो, पण मला किलोमागे दोन रुपयात परवडणार नाही, तीन द्या आणि पालेभाजीला जुडीमागे एक." दुसरं त्यांनी विचारलं की लोक मालाला नावं ठेवतील ती कुणाला, मला का शेतकऱ्याला? चांगला प्रश्न आहे, माझ्याकडे उत्तर नव्हतं. सेक्रेटरी म्हणतायत बाहेरचा टेम्पो आत घ्यायचा तर कमिटीचा ठराव पाहिजे, तर टेम्पो गेटबाहेरच उभा राहील, विषय संपला.

आजरेकर म्हणतात तसं धान्य पण घ्यायचं ठरतंय, सध्या बारा घरांनी ज्वारीला हो म्हटलंय, त्यातल्या तीन घरांत भाकरी करता येणारं कुणी नाहीये पण उत्साह आहे.

शिवारातून दादा, तुमचा गट आहे का, आणि आमच्यासाठी काय काय जमेल? एकदम साठ घरं म्हणत नाही, वीस धरून चला. टोमॅटोला वर्षभर २० चा भाव मी मिटिंगमधे मांडला तर दोन जण म्हणाले की चार रुपये असताना वीस का द्यायचे, मी त्यांना तुमची पट्टी वाचून दाखवली. एक जण गप्प बसला, दुसरा म्हणाला मी ॲपवरून घेईन. चालेल मला.

शिवारातून
ताई, आमचा गट आहे, नऊ जण. वीस घरांना पण येऊ, फक्त त्याच बाजूला अजून एखादी सोसायटी बघा, कर्वेनगर, शिवणे कुठं पण, म्हणजे टेम्पो अर्धा तरी भरेल. निदान तीनशे किलो झाल्याशिवाय डिझेलचा मेळ बसत नाय.

मालाचं सांगतो. टोमॅटो, कांदा, फ्लॉवर, कोबी बहुतेक सगळं वर्ष कुणा ना कुणाकडं असतं. मटार, पावटा थंडीतच, तेव्हा भरपूर घ्या. मेथी-पालक एप्रिल-मे मधे मागू नका, विहिरीला पाणी नसतं आणि असलं तरी उन्हानं जुडी हातभर होत नाय, तेव्हा गवार, भेंडी, दोडका, काकडी चालवा. अद्रकाचा भाव आधीच सांगतो, तो फिक्स नाय करणार कुणी.

नावं ठेवायचं म्हणाल तर भाजीवाल्यांना सांगा, शनिवारी बारापर्यंत जो माल खराब निघेल त्याचा फोटो आणि वजन मला पाठवा, पुढच्या हिशोबात वजा. बारानंतरचं आमचं नाय, तुमच्या फ्रीजचं. पहिले दोन शनिवार मी स्वतः टेम्पोबरोबर येईन, लोकांना तोंड दिसलं की निम्म्या तक्रारी होत नाहीत. आणि जे वीस रुपयाला नाय म्हणाले त्यांना पण एकदा शेतावर आणा, तोडणी चालू असताना, जेवायला ठेवून घेतो.

राहिलं क्रेटचं. भाजी क्रेटमधे येणार आणि क्रेट त्याच टेम्पोत परत पाहिजेत. नवीन क्रेटला पैसे पडतात, आणि मागं एका सोसायटीत आमचे सहा क्रेट राहिले ते नंतर कळलं की लोकांनी बाल्कनीत ठेवून त्यात पुदिना लावलाय. प्रत्येक क्रेटवर लाल पेंटनं नाव टाकलंय आमच्या गटाचं, मोजून घ्या, मोजून द्या. तुमचा नंबर इथं उघड टाकू नका, मला निरोपात पाठवा, गुरुवारी यादी टाकतो.